मेफ्लॉवरवरील एका पूर्वजाचा माग

मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ या गावी बंदराच्या वरच्या अंगाला एक टेकडी असून तिच्यावर त्या वसाहतीची जुनी दफनभूमी आहे. १८३६ च्या सुमारास हाउलंड घराण्यातील काही वंशजांनी आपल्या मूळ पुरुषाच्या, म्हणजे जॉन हाउलंडच्या, नावाने तेथे एक स्मृतिशिला उभारली. हा हाउलंड १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी एक होता आणि वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या कन्येशी त्याचा विवाह झाला होता, अशा अर्थाचा मजकूर त्या शिलेवर कोरण्यात आला. त्याच शतकाच्या अखेरीस तेथे दुसरी शिला बसविण्यात आली. तिच्यावर पत्नीचे नाव एलिझाबेथ असून तिच्या पित्याचे नाव जॉन टिली असे दिले आहे. दगडावर एकदा कोरलेला मजकूर बदलण्याची पाळी सहसा येत नाही. येथे ती आली, आणि ती का आली हे पाहू गेल्यास अमेरिकेतील आद्य पूर्वजांचा शोध कसा घेतला जातो, तो कोठे फसतो आणि कशाच्या बळावर सावरतो, हे बऱ्याच अंशी ध्यानात येते.

प्रथम या माणसाची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. १६२० च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडमधील प्लिमथ बंदरातून निघालेल्या मेफ्लॉवरवर १०२ उतारू होते. त्यांतील एक गट स्वमतानुसार उपासना करता यावी म्हणून पूर्वीच इंग्लंड सोडून हॉलंडमधील लायडन शहरी जाऊन राहिलेल्या लोकांचा होता. उरलेले बहुतेक लंडन व इतर भागांतून उपजीविकेच्या आशेने निघालेले होते. कार्व्हर हा लायडनच्या गटातील एक सधन गृहस्थ. त्याच्याबरोबर त्याची पत्नी आणि काही नोकरचाकर होते व त्यांत जॉन हाउलंडचे नाव येते. येथे ‘नोकर’ या शब्दाने वाचकाची दिशाभूल होऊ नये. त्या काळी एखाद्या घराच्या आश्रयाने ठराविक मुदतीचा करार करून राहणारा, लिहितावाचता येणारा तरुणही याच नावाने ओळखला जाई. आणि हाउलंडचे पुढील आयुष्य पाहता तो अशाच दर्जाचा असावा, असे दिसते.

वसाहतीचा पुढे अनेक वर्षे गव्हर्नर राहिलेला विल्यम ब्रॅडफर्ड याने या प्रवासातील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. अटलांटिक महासागराच्या मध्यावर जहाज वादळात सापडले असता हाउलंड काही कारणाने वरच्या डेकवर आला आणि जहाजाच्या एका हेलकाव्यासरशी समुद्रात फेकला गेला. सुदैवाने शीड चढविण्याचा एक लांब दोर पाण्यात लोंबकळत होता, तो त्याच्या हाती लागला. पाण्याखाली बराच खोल जाऊनही त्याने तो सोडला नाही. दोर ओढून आणि आकडी लावून त्याला वर काढण्यात आले. त्यानंतर तो काही दिवस आजारी होता, परंतु पुढे पुष्कळ वर्षे जगला, असे ब्रॅडफर्ड सांगतो. आज लक्षावधी माणसे त्या एका दोराकडे निराळ्या दृष्टीने पाहतात, कारण तो त्याच्या हातून सुटता तर त्यांपैकी कोणीही जन्मास आले नसते.

किनाऱ्यास लागल्यावर वसाहतीच्या कारभाराविषयी एक करारपत्र तयार झाले व त्यावर ४१ पुरुषांनी सह्या केल्या. नॅथॅनिएल मॉर्टनने १६६९ साली छापलेल्या यादीत हाउलंडचे नाव तेरावे आहे. मागाहून आलेला हिवाळा भयानक ठरला. थंडी, उपासमार व रोग यांनी जवळजवळ निम्मी माणसे गेली. जॉन टिली आणि त्याची पत्नी, तसेच त्याचा भाऊ एडवर्ड व भावजय अशी चौघेही त्या काळात मरण पावली. मागे राहिली ती टिलीची तेरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ. १६२१ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर कार्व्हर वारला आणि त्याच्या पाठोपाठ काही आठवड्यांतच त्याची पत्नीही. अनाथ झालेली एलिझाबेथ मधल्या काळात कार्व्हरच्या घरीच आश्रयाला राहिली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे दोनतीन वर्षांनी हाउलंडने तिच्याशी विवाह केला. त्यांना दहा मुले झाली, दहाही जगली, आणि नातवंडांची संख्या तर ऐंशीच्या वर गेली. ज्या वसाहतीची सुरुवात प्रेते पुरण्यापासून झाली तिच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

मग एलिझाबेथ कार्व्हरची कन्या कशी ठरली? तोंडी चालत आलेल्या हकिगतीत माणसे एकमेकांजवळ सरकतात, हे त्याचे एक कारण होय. कार्व्हरच्या घरचा तरुण, कार्व्हरच्या घरची मुलगी, आणि वसाहतीचा पहिला गव्हर्नर अपत्यहीन वारलेला. तीनचार पिढ्यांनंतर या तीन गोष्टींतून एक जावई तयार होण्यास फारसे काही लागत नाही. दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. प्लिमथच्या पहिल्या गव्हर्नरचे रक्त आपल्या अंगात आहे, असे कोणाला वाटावयास नको होते? ज्याच्याविषयी फारसे काही ठाऊक नाही अशा टिली नावाच्या माणसापेक्षा कार्व्हर हा पूर्वज म्हणून निःसंशय अधिक शोभणारा होता. या हकिगतीस विरोध करील असा एकच आधार उपलब्ध होता व तो त्या वेळी हरवलेला होता.

हा आधार म्हणजे ब्रॅडफर्डने १६३० पासून सुमारे वीस वर्षे स्वहस्ते लिहिलेला वसाहतीचा इतिहास. या हस्तलिखिताचा पुढील प्रवास एखाद्या माणसाच्या चरित्रासारखा आहे. ते काही काळ ब्रॅडफर्डच्या वंशजांकडे होते. अठराव्या शतकात बोस्टनचे धर्मोपदेशक व इतिहासकार टॉमस प्रिन्स यांनी ते मिळवून आपल्या संग्रहात ठेवले. हा संग्रह तेथील ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यात असे. अमेरिकन क्रांतियुद्धाच्या आरंभी बोस्टन ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात असताना त्या चर्चचा उपयोग घोडे फिरविण्यासाठी करण्यात आला, आणि त्या धामधुमीच्या सुमारास हस्तलिखित नाहीसे झाले. कोणी नेले, कसे नेले, याचा उलगडा झालेला नाही. सॅम्युएल विल्बरफोर्स या इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी १८४४ साली अमेरिकेतील चर्चच्या इतिहासावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लंडनच्या बिशपच्या फुलम येथील वाड्यातील एका हस्तलिखितातून काही उतारे घेतले होते. ते उतारे ब्रॅडफर्डचे आहेत, हे ध्यानात येण्यास मात्र १८५५ साल उजाडावे लागले. एका बिशपच्या ग्रंथालयात सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली पोथी अमेरिकेत ऐंशी वर्षे ‘हरवलेली’ होती! मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने १८५६ साली ती छापली. १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत करण्यात आली आणि आज ती बोस्टनमधील राज्य ग्रंथालयात आहे.

या हस्तलिखिताच्या शेवटी ब्रॅडफर्डने एक जोडपत्र दिलेले आहे. मेफ्लॉवरवर कोण कोण आले, आणि तीस वर्षांनंतर, म्हणजे १६५० च्या सुमारास, त्यांपैकी कोण मेले, कोण जगले, कोणाचे लग्न कोणाशी झाले व कोणाला किती मुले आहेत, याची ती नोंद आहे. हाउलंडविषयी तेथे स्पष्ट म्हटले आहे की, त्याने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केले, दोघेही हयात आहेत आणि त्यांना दहा मुले आहेत. ब्रॅडफर्ड या सर्वांचा शेजारी होता. चूक होण्यास वावच नव्हता. एका ओळीने एका मुलीला तिचे आईवडील परत मिळाले आणि एका घराण्याला आपल्या गव्हर्नर सासऱ्याचा त्याग करावा लागला. तो त्याग सर्वांनी एकदम केला, असे नाही. टिलीची पत्नी ही कार्व्हरची कन्या असावी, म्हणजे एलिझाबेथ निदान त्याची नात तरी ठरेल, अशी तडजोड काहींनी सुचवून पाहिली. तिला पुरावा कोठेच नव्हता.

एवढ्यावरून वंशशोधनाचा पहिला नियम सिद्ध होतो: शोधाची दिशा आपल्याकडून पूर्वजाकडे असावी, पूर्वजाकडून आपल्याकडे नव्हे. एखादा नामांकित पुरुष आधी निवडून त्याच्यापर्यंत शिडी लावू पाहणारा मनुष्य शिडीच्या पायऱ्या स्वतःच तयार करू लागतो. आपण, आपले आईवडील, त्यांचे आईवडील या क्रमाने मागे जावे; आणि प्रत्येक पायरीस अमुक व्यक्ती अमुक व्यक्तीचेच अपत्य आहे, हे सांगणारा कागद मिळाल्याखेरीज पुढची पायरी चढू नये. मेफ्लॉवरच्या वंशजांची जी संस्था १८९७ साली प्लिमथ येथे स्थापन झाली ती सभासदत्व देताना याच पद्धतीने पिढीगणिक पुरावा मागते.

अलीकडच्या पिढ्यांचे काम सोपे आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे आणि प्रत्येक शिरगणतीचे मूळ तक्ते ७२ वर्षांनंतर लोकांसाठी खुले होतात. १९५० चे तक्ते या नियमानुसार २०२२ साली खुले झाले. त्यांत एक मोठे खिंडार आहे: १८९० चे बहुतेक सर्व तक्ते वॉशिंग्टनमधील १९२१ च्या आगीमुळे नष्ट झाले. १८५० पासूनच्या शिरगणतीत घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आहे; त्यापूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव व बाकीच्यांची वयोगटानुसार संख्या एवढेच आढळते. म्हणजे १८५० च्या पलीकडे स्त्रिया आणि मुले एकदम निनावी होतात, आणि खरे कष्ट तेथून सुरू होतात. तेथून पुढे गावच्या कारकुनाने ठेवलेल्या जन्म-मृत्यू-विवाहांच्या नोंदी, चर्चची दप्तरे, जमिनीची खरेदीखते, न्यायालयाचे निवाडे आणि मृत्युपत्रे यांवर विसंबावे लागते. न्यू इंग्लंडच्या सुदैवाने तेथील गावांनी कागदपत्रे पुष्कळ जपली आहेत. बोस्टन येथे १८४५ साली स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी ही या विषयातील अमेरिकेतील सर्वांत जुनी संस्था होय; तिचे त्रैमासिक १८४७ पासून प्रसिद्ध होत आहे.

या साधनांत मृत्युपत्राचे मोल सर्वाधिक, आणि ते का हे हाउलंडच्याच मृत्युपत्रावरून कळते. २९ मे १६७२ रोजी केलेल्या या मृत्युपत्रात त्याने पत्नी एलिझाबेथ, मुलगे जॉन, जोसेफ, जाबेझ व आयझॅक आणि सहा मुली यांचा उल्लेख केला आहे. मुलींची नावे त्यांच्या सासरच्या आडनावांसह आहेत: डिझायर गोरम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. लग्नानंतर आडनाव बदलले की स्त्री बहुधा वंशवृक्षातून हरवते. पित्याच्या मृत्युपत्रातील अशी एक ओळ एकाच वेळी सहा घराण्यांची दारे उघडून देते. आज स्वतःस हाउलंडचे वंशज म्हणविणाऱ्या लोकांपैकी फार मोठी संख्या या मुलींच्या शाखांतील आहे आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांचे आडनाव हाउलंड नाही.

वंशशोधनास उपयोगी पडणारे कागद पुष्कळदा भलत्याच कारणासाठी लिहिलेले असतात. १६२७ साली प्लिमथकरांनी आपल्या सामाईक गुरांची वाटणी केली. तेव्हा १५६ माणसांचे तेराजणांचा एक असे बारा गट पाडण्यात आले व प्रत्येक गटातील माणसांची नावे लिहिली गेली. चौथा गट हाउलंडचा. त्याच्या वाट्याला रॅगहॉर्न नावाची एक कालवड आली, ही गोष्ट आज कोणास महत्त्वाची वाटणार नाही. परंतु त्या यादीत जॉन, त्याची पत्नी एलिझाबेथ, मुलगा जॉन व मुलगी डिझायर अशी चार नावे आहेत, यावरून १६२७ पर्यंत त्यांना दोन मुले झाली होती हे सिद्ध होते आणि म्हणून विवाह १६२३-२४ च्या पुढे फारसा नेता येत नाही. विवाहाची नोंद न मिळताही कालवडीने विवाहाचे वर्ष जवळपास ठरवून दिले.

कालगणनेचा एक सापळाही येथेच सांगितला पाहिजे. हाउलंडच्या मृत्यूची तारीख प्लिमथच्या नोंदीप्रमाणे २३ फेब्रुवारी १६७२ अशी आहे. मृत्युपत्र मात्र, वर सांगितल्याप्रमाणे, २९ मे १६७२ चे. म्हणजे मृत्यूनंतर तीन महिन्यांनी त्याने मृत्युपत्र केले की काय? गोष्ट अशी की, इंग्लंड व त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चालू होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होई. त्यामुळे १६७२ चा मे महिना आधी येतो आणि १६७२ चा फेब्रुवारी त्याच वर्षाच्या अखेरीस. आजच्या गणनेने तो फेब्रुवारी १६७३ चा होय. म्हणूनच अभ्यासक ही तारीख १६७२/३ अशी जोडवर्षात लिहितात. शिवाय त्या शतकात दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते ते निराळेच. विक्रम संवत कोठे चैत्रात तर कोठे कार्तिकात बदलतो, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशा भारतीय वाचकास यात नवल वाटू नये. अमेरिकन वंशावळींत मात्र या एका घोटाळ्यामुळे लग्नाआधी वर्षभर जन्मलेली मुले आणि मृत्यूनंतर खरेदीखते करणारे बाप शेकड्यांनी निर्माण झाले आहेत.

येथपर्यंतचा शोध अमेरिकेच्या भूमीवरचा. सर्वांत अवघड पायरी म्हणजे अटलांटिक ओलांडून मूळ गावापर्यंत पोहोचणे. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याची पद्धत सुरू झाली. या वह्या हा फार मोठा ठेवा आहे. तथापि त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या, काहींची पाने गेली, आणि ज्या उरल्या त्यांत एकाच नावाची इतकी माणसे आहेत की, केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे मानणे धोक्याचे होय. टिलीच्या बाबतीत नेमके हेच घडले. लायडनच्या दप्तरात १६१५ साली एका जॉन टिलीने ब्रिजेट व्हान डर व्हेल्डे या स्त्रीशी विवाह केल्याची नोंद मिळाली आणि हाच मेफ्लॉवरचा टिली, असे ठरवून ब्रिजेटला एलिझाबेथच्या कुटुंबात जागा देण्यात आली. पुस्तकामागून पुस्तकात हे छापले गेले.

हा गैरसमज दूर होण्यास फार काळ जावा लागला. रॉबर्ट ली वॉर्ड या संशोधकांनी ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात १९७६ साली मेफ्लॉवरवरील सात उतारूंच्या मूळ घराण्यांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. बेडफर्डशर परगण्यातील हेन्लो या खेड्याच्या चर्चच्या वह्या त्यांनी तपासल्या होत्या. तेथे १५९६ साली जॉन टिली आणि जोन हर्स्ट यांच्या विवाहाची नोंद आहे. जोन ही त्यापूर्वी विधवा झालेली होती. पुढे त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे येतात आणि त्यांत ३० ऑगस्ट १६०७ रोजी एलिझाबेथचा आहे. केवळ नावांचा हा मेळ पुरेसा झाला नसता. परंतु त्याच परिसरात एडवर्ड टिली, त्याची पत्नी आणि मेफ्लॉवरवर त्यांच्याबरोबर असलेली हेन्री सॅमसन व ह्युमिलिटी कूपर ही दोन मुले यांच्याही कुटुंबांचे धागे मिळाले. ब्रॅडफर्डने आपल्या यादीत ही दोन्ही मुले एडवर्ड टिलीच्या कुटुंबात आणि त्याची नातलग म्हणून दाखविली आहेत. अटलांटिकच्या एका काठावर एकत्र असलेली माणसे दुसऱ्या काठावरही एकत्र सापडतात, तेव्हा योगायोगाची शक्यता फार कमी होते. एकटा माणूस न शोधता त्याचे भाऊबंद, सोयरे आणि शेजारी मिळून सारा गोतावळा शोधावा, ही पद्धत आज सर्वमान्य झाली आहे.

हाउलंडच्या मूळ गावाचा शोधही याच मार्गाने लागला. जॉनचे आर्थर व हेन्री हे दोन भाऊ पुढे प्लिमथ वसाहतीत येऊन स्थायिक झाले होते. लंडनमधील कापडव्यापारी हम्फ्री हाउलंड याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात आर्थर, जॉन व हेन्री या आपल्या तीन भावांचा उल्लेख आढळला आणि त्याचा संबंध न्यू इंग्लंडशी पोहोचत होता. जॉन हाउलंड हे नाव एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. तिन्ही नावे एकत्र आली की ती बोलू लागतात. हम्फ्रीचा माग काढता काढता अभ्यासक हंटिंग्डनशरमधील फेनस्टँटन या गावी आणि तेथील हेन्री व मार्गारेट हाउलंड या दांपत्यापर्यंत पोहोचले. त्याआधी पुष्कळांनी जॉनचा संबंध एसेक्समधील त्याच आडनावाच्या घराण्याशी जोडून पाहिला होता, कारण त्या घराण्यातील रिचर्ड हाउलंड हे पीटरबरोचे बिशप होते. येथेही गव्हर्नरच्या जागी बिशप, एवढाच फरक. पुरावा फेनस्टँटनच्या बाजूने उभा राहिला.

अशा मोहावर काहींनी धंदाही उभारला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नवश्रीमंत कुटुंबांत प्रतिष्ठित पूर्वजांची मागणी वाढली आणि ती पुरविणारे लोकही पुढे आले. त्यांत स्वीडनमध्ये १८६३ साली जन्मलेला व गुस्ताव आंजू हे नाव धारण करून न्यूयॉर्कजवळ राहिलेला एक गृहस्थ विशेष कुप्रसिद्ध आहे. त्याने मोठे मोल घेऊन अनेक घराण्यांच्या वंशावळी तयार करून दिल्या. त्यांतील बरेचसे कागद अस्सल असत. फक्त अमेरिकेतील पूर्वज आणि इंग्लंडमधील सरदार घराणे यांना जोडणारा नेमका दुवा बनावट असे. खऱ्याच्या राशीत खोट्याचा एक दाणा मिसळण्याची ही रीत इतकी यशस्वी ठरली की, १९४२ साली तो वारल्यानंतरही त्याच्या वंशावळी नकलून घेणारे संपले नाहीत. १९२२ साली नियतकालिक काढून डॉनल्ड लाइन्स जेकोबस यांनी या विषयास जी शिस्त लावली ती बव्हंशी या प्रकारास उत्तर म्हणून होती. वर उल्लेखिलेले ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ हे त्याच नियतकालिकाचे पुढील रूप होय. १९८८ साली रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या आरंभीच्या सर्व वसाहतकऱ्यांच्या नोंदी मूळ कागदांवरून पुन्हा तपासण्याचे काम हाती घेतले. त्याचे पहिले तीन खंड १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

कागदपत्रांचा सर्वांत मोठा संग्रह मात्र न्यू इंग्लंडपासून फार दूर, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. मॉर्मन पंथीयांनी धर्मश्रद्धेपोटी १८९४ साली स्थापन केलेल्या वंशशोधन संस्थेने १९३८ पासून जगभरातील दप्तरांची सूक्ष्मचित्रे घेण्यास सुरुवात केली. तिच्या छायाचित्रकारांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही टिपल्या आहेत. आपल्याकडील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या सातआठ पिढ्यांची नावे हस्ताक्षरांनिशी मिळतात, हे पाहून पाश्चात्त्य अभ्यासक थक्क होतात. पण या वह्यांतही घरच्या लेकीसुनांची नावे शोधू जाता तीच अडचण येते. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा स्वतः हाउलंड दांपत्याचा वंशज होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, बुश पितापुत्र आणि चित्रपट अभिनेता हम्फ्री बोगार्ट हेही त्याच वंशातले. यात चमत्कार काही नाही. बारा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाला हिशेबाने ४,०९६ पूर्वज असतात. त्यांतील एक हाउलंड असला तर उरलेले ४,०९५ कोण, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अलीकडे लाळेच्या नमुन्यावरून आनुवंशिक चाचणी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. निकटच्या नातलगांच्या बाबतीत ती उपयोगी पडते. परंतु प्रत्येक पिढीत वारसा निम्म्याने घटत असल्यामुळे इतक्या दूरच्या पूर्वजाचा एखादा अंश तरी आपल्यात उरला असेल, याची खात्री देता येत नाही. कागदाला पर्याय निघालेला नाही.

आणि कागद सर्वांच्या वाट्याला आलेला नाही. ज्या जागी प्लिमथ वसले तेथे पूर्वी वांपानोआग लोकांचे पटुक्सेट नावाचे गाव होते; वसाहतकरी येण्यापूर्वी तीनचार वर्षांत साथीच्या रोगाने ते ओस पडले. ‘आद्य अमेरिकन पूर्वज’ या शब्दांचा खरा मान ज्यांचा, त्यांची नावे कोणत्याही पॅरिशच्या वहीत नाहीत. त्यांच्या वंशजांना आपला माग जमिनीच्या खतांतून, न्यायालयीन खटल्यांतून आणि मिशनऱ्यांच्या टिपणांतून काढावा लागतो, आणि ते कागद बहुधा प्रतिपक्षाने लिहिलेले असतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची स्थिती याहून कठीण. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच लिहिलेले आहे. मुक्त झालेली ही सर्व माणसे प्रथम नावानिशी दिसतात ती १८७० च्या शिरगणतीत. तिच्या पलीकडे जाण्यासाठी त्यांच्या वंशजांना आधी मालकाचे नाव शोधावे लागते आणि मग त्या मालकाच्या मृत्युपत्रात, गुरेढोरे व भांडीकुंडी यांच्या यादीत, आपली खापरपणजी कोठे आहे ते पाहावे लागते.

जॉन हाउलंड वारला तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या वर होते, असे प्लिमथच्या दप्तरात नमूद आहे आणि मेफ्लॉवरवरून आलेल्यांपैकी त्या गावात उरलेला तो शेवटचा पुरुष होता, असेही तेथे म्हटले आहे. त्या वयाचा हिशेब धरल्यास जन्म १५९२ च्या आसपास येतो. विवाहाच्या काळावरून अंदाज बांधणारे अभ्यासक तो १५९९ पर्यंत पुढे आणतात, कारण वृद्धांचे वय चारसहा वर्षे वाढवून सांगण्याची त्या काळी रीतच होती. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळालेली नाही. एलिझाबेथ त्याच्यामागे चौदा वर्षे जगली. अखेरचा काळ तिने स्वॉन्सी येथे लिडिया या मुलीच्या घरी काढला. १६८६ च्या डिसेंबरात तिने आपले मृत्युपत्र केले आणि त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १६८७ मध्ये, ती वारली. पतीच्या टेकडीपासून दूर, आज ऱ्होड आयलंडमधील ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या हद्दीत येणाऱ्या एका लहानशा दफनभूमीत तिला पुरण्यात आले. गव्हर्नरची कन्या म्हणून जिची दोन शतके गणना झाली तिचा जन्मगाव, आईचे माहेरचे नाव आणि बाप्तिस्म्याचा दिवस आज निश्चित आहे. तिच्या पतीविषयी एवढे सांगता येत नाही.